टीव्ही किती इंची घ्यावा? आधी बसायची जागा मोजा

सोयाबीनचे पैसे हाती आले, कापसाच्या दोन वेचण्या झाल्या किंवा उसाचे बिल बँकेत जमा झाले, की तालुक्याच्या गावातील टीव्हीच्या दुकानांपुढे गर्दी दिसू लागते. वर्षभर मनात धरून ठेवलेली ही खरेदी असते. घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांचे तिच्याकडे डोळे लागलेले असतात. अशा दिवसांत मी पिके पाहायला गावात गेलो, की बांधावरचे बोलणे संपता संपता कोणीतरी हटकून विचारतो, "साहेब, बियाण्याचं कळलं. आता एवढं सांगा, टीव्ही किती इंची घेऊ?"

वास्तविक हा प्रश्न कृषी खात्याकडे यावा असा नाही. पण मला तो परका वाटत नाही. एकरी बियाणे किती, दोन ओळींत अंतर किती, पंपाला औषध किती, हे आम्ही रोज सांगत असतो. टीव्हीचा प्रश्नही तसाच मापाचा आणि पैशाचा आहे. फरक एवढाच, की बियाण्याचे माप चुकले तर पुढच्या हंगामात सुधारता येते. टीव्हीचे माप चुकले तर तो आठ-दहा वर्षे भिंतीवरून आपल्याकडे पाहत राहतो.

बहुतेक घरी हे माप तीन गोष्टींवर ठरते. शेजाऱ्याकडे केवढा आहे, खिशात किती आहेत आणि दुकानात कोणता डोळ्यांत भरला. यांपैकी खिशाचे कारण खरे आहे, त्याकडे आपण पुढे येऊच. शेजाऱ्याचे सोडून द्या. दुकानाचे मात्र नीट समजून घ्या. दुकानाचे दालन मोठे, छत उंच, आणि भिंतीवर ३२ पासून ७५ इंचांपर्यंतचे संच ओळीने लावलेले असतात. पंचाहत्तरच्या शेजारी पंचावन्न बापुडा दिसतो आणि बत्तीस तर खेळण्यासारखा वाटतो. तोच बत्तीस घरी आणून दहा फुटांच्या खोलीत ठेवला की चांगला ऐसपैस दिसतो. जनावरांच्या बाजारात उंच बैलांच्या रांगेत उभा असलेला मध्यम बांध्याचा बैल असाच लहान वाटतो, आणि गोठ्यात आणल्यावर भरतो. तेव्हा टीव्हीचे माप दुकानात ठरवायचे नाही. ते घरून ठरवून न्यायचे.

इंच कुठले धरतात?

बत्तीस इंची म्हणजे रुंदी बत्तीस इंच, असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. पडद्याच्या खालच्या एका कोपऱ्यापासून वरच्या समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी दोरी धरली, तर तिची जी लांबी भरेल ते टीव्हीचे माप. खोक्यावर हेच माप सेंटिमीटरमध्ये छापलेले असते. ३२ इंचीवर साधारण ८०, ४३ इंचीवर १०८ आणि ५० इंचीवर १२६ असा आकडा आढळेल. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर. थोडाफार फरक दिसला तर घाबरू नका, पण खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय पावती करू नका.

भिंतीवर जागा किती लागेल, हे मात्र रुंदी आणि उंचीवरून कळते. २४ इंची पडदा ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच असतो. ३२ इंची ७१ रुंद व ४० उंच, ४३ इंची ९५ रुंद व साडेत्रेपन्न उंच, ५५ इंची १२२ रुंद व साडेअडुसष्ट उंच. भोवतीची चौकट धरून आणखी एक-दोन सेंटिमीटर सोडा.

इथे जुना टीव्ही वापरलेल्यांची एक फसगत होते. पूर्वीचा तो मागे पोट असलेला २१ इंची संच आठवा. त्याचा पडदा जवळजवळ चौकोनी होता. रुंदी चार भाग तर उंची तीन भाग. आताचे पडदे रुंदीला सोळा आणि उंचीला नऊ भाग, म्हणजे आडवे पसरलेले असतात. त्यामुळे जुन्या २१ इंचीची उंची भरायची ३०-३२ सेंटिमीटर, आणि नव्या २४ इंचीचीही भरते ३०. "आमचा एकवीस होता, आता चोवीस आणलाय, तरी माणसं बारीकच दिसतात," अशी तक्रार मी एका आजोबांकडून ऐकली. त्यांचे डोळे खोटे बोलत नव्हते. जुन्या २१ ला बदली म्हणून घ्यायचा तर नवा निदान २६ इंचांच्या पुढचा हवा, आणि बाजारात सहज मिळणारे त्यापुढचे माप म्हणजे ३२.

हातामागे सहा ते नऊ इंच

आता मुख्य हिशेब. तो मी शेतकऱ्याच्या मापात सांगतो, म्हणजे फीतही लागणार नाही. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोठ्या माणसाचा एक हात म्हणजे दीड फूट, अठरा इंच. टीव्ही पाहताना आपण जिथे बसतो, तिथल्या डोळ्यापासून टीव्हीचा पडदा जिथे येणार तिथपर्यंत किती हात अंतर आहे ते मोजा. एका हातामागे कमीत कमी सहा इंच आणि जास्तीत जास्त नऊ इंच टीव्ही, हे प्रमाण धरा. एकरी बियाण्याचे जसे कमीत कमी व जास्तीत जास्त प्रमाण असते, तसेच हे. सहाच्या खाली गेलात तर अक्षरे वाचता येणार नाहीत. नऊच्या वर गेलात तर चित्र फुटेल आणि एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे पाहताना मान फिरवावी लागेल.

समजा अंतर चार हात, म्हणजे सहा फूट आहे. चार सक चोवीस आणि चार नव्वे छत्तीस. या दोहोंमध्ये बाजारात मिळणारे सोयीचे माप ३२. अंतर पाच हात भरले तर तीस ते पंचेचाळीस, म्हणजे ३२ किंवा ४३. सहा हात भरले तर छत्तीस ते चोपन्न, म्हणजे ४३ किंवा ५०. आठ हात, म्हणजे बारा फूट अंतर असेल तरच ५५ आणि ६५ च्या गोष्टी कराव्यात. तीन हात अंतराला २४ पुरतो. शेतातल्या वस्तीवरच्या एकखणी खोलीत तोच शोभतो.

मात्र अंतर मोजताना भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजू नका. खोली दहा फुटांची असली तरी आपण भिंतीत बसत नाही. पाठीमागे उशी, पुढे झुकलेले डोके, समोर टीव्ही टेबलावर असेल तर टेबलाची एक फूट खोली, हे सारे वजा जाता हाती आठ-साडेआठ फूटच राहतात. पलंगाला टेकून खाली बसणाऱ्याला तर सहाच. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरलेले आहे. अशा घरातील पुढची खोली दहा बाय दहा किंवा दहा बाय बाराची निघते. तिथे चार ते साडेपाच हात अंतर मिळते. म्हणजे घरकुलात ३२ इंची उत्तम, ४३ इंची अंगावर न येता बसेल, आणि त्यापुढचा कोणी फुकट दिला तरी विचार करावा.

एकराचे बियाणे दोन एकरांत

सहा आणि नऊ यांत एवढी तफावत का, असे कोणी विचारील. त्याचे कारण टीव्हीत नसून टीव्हीत येणाऱ्या चित्रात आहे.

टीव्हीचे चित्र पाभरीने पेरलेल्या शेतासारखे ओळींचे बनलेले असते. साध्या प्रतीच्या वाहिनीवर वरपासून खालपर्यंत ५७६ ओळी येतात. चांगल्या प्रतीच्या, म्हणजे एचडी वाहिनीवर ७२० किंवा १०८०, आणि फोर-के म्हणतात त्यात २१६०. आता ५७६ ओळींचे चित्र ३२ इंची पडद्यावर पसरले तर ओळी दाट राहतात. तेच ५५ इंचीवर पसरले तर ओळी तेवढ्याच, पण जागा जास्त. एकराचे बियाणे दोन एकरांत पेरावे तसे ते विरळ दिसते. लांबून शेत हिरवे दिसते, जवळ गेल्यावर खंड दिसतात. म्हणून साध्या प्रतीचे चित्र मोठ्या पडद्यावर पाहायचे तर लांब बसावे लागते.

खेड्यातील अनेक घरांवर दूरदर्शनची फ्री डिशची छत्री आहे. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ही सेवा सुरू झाली. छत्री आणि डबा एकदा घेतला की महिन्याचे भाडे नाही, म्हणून ती शेतकऱ्याला परवडते, आणि मी स्वतः तिची शिफारस करतो. पण तिच्यावरील बहुतेक वाहिन्या साध्या प्रतीच्या आहेत. तुमच्या घरी फ्री डिशच असेल आणि पुढेही तीच राहणार असेल, तर हातामागे सहा-सात इंचांवर थांबा. घरात इंटरनेट आले आहे, मुले मोबाइलवरचे चित्रपट व सामने टीव्हीवर लावतात, तर आठ-नऊपर्यंत जायला हरकत नाही. दुकानदार 'फोर-के' म्हणून दाखवतो ते चित्र बहुधा दुकानातल्याच पेनड्राइव्हवरचे असते, मोरपिसासारखे लखलखीत. त्याला सांगा, "दादा, आमच्या घरी जी वाहिनी लागते ती लावून दाखवा." दुकानात छत्री असेल तर तो लावील. नसेल तर तुम्हाला उमजेलच.

आणि असे पाहा, पडद्यात २१६० ओळींची ताकद असली तरी ५७६ ओळींच्या वाहिनीचे चित्र काही त्यामुळे बदलत नाही. सुधारित जातीच्या पिकालाही खत-पाणी घालावेच लागते.

कोणाच्या जागेपासून मोजायचे?

या लेखातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि दुकानात याविषयी कोणी विचारत नाही.

अंतर मोजायला सांगितले की घरातला कर्ता पुरुष आपल्या पलंगावर बसतो आणि तिथून मोजतो. पण संध्याकाळी त्या घरात जाऊन पाहा. पोरे पडद्यापुढे दोन-तीन हातांवर मांडी घालून बसलेली असतात. बाबा पलंगावर. आजी दाराशी, भिंतीला टेकून. आणि घरची बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, पुढ्यात तांदूळ किंवा शेंगा निवडायला घेतलेल्या, एक डोळा चुलीवरच्या दुधाकडे. तिची जागा सर्वांत लांब आणि तीही बाजूची. दिवसभर शेतात राबून तिला जो तासभर मिळतो तो तिथे. तिला माणसे दिसतात, पण खाली सरकणारी अक्षरे दिसत नाहीत. पावसाचा इशारा, बाजारभाव, परीक्षेच्या तारखा असे कामाचे ते सगळे त्या अक्षरांतच असते.

म्हणून माझी रीत अशी. घरात जी माणसे रोज टीव्ही पाहतात त्यांच्या नेहमीच्या जागा पाहा. सर्वांत लांबच्या माणसाचे अंतर घेऊन त्याला सहाने गुणा. त्याहून टीव्ही लहान नको. मग सर्वांत जवळच्या मोठ्या माणसाचे अंतर घेऊन नऊने गुणा. त्याहून मोठा नको. उदाहरणार्थ, उंबरा सात हातांवर आहे आणि पलंगाला टेकून बसायची जागा पाच हातांवर. सात सक बेचाळीस, पाच नव्वे पंचेचाळीस. ४३ इंची टीव्ही दोघांनाही न्याय देतो. लहान मुलांना यात धरू नका. त्यांच्यासाठी पाच हातांवर चटई टाका आणि चटईच्या पुढे यायचे नाही असा दंडक घाला. तो दोन दिवस पाळला जाईल, तिसऱ्या दिवशी पुन्हा सांगावे लागेल.

कधी कधी दोन्ही आकडे जुळतच नाहीत. उंबरा आठ हातांवर आहे आणि पलंग चार हातांवर. आठ सक अठ्ठेचाळीस आणि चार नव्वे छत्तीस. लांबच्याला ४८ च्या खाली दिसत नाही आणि जवळच्याला ३६ च्या वर सोसत नाही. अशा वेळी लोक मोठा टीव्ही घेऊन मोकळे होतात. माझे म्हणणे, पलंग हलवा. टीव्ही लांबट भिंतीवरून आखूड भिंतीवर न्या, किंवा उंबऱ्यातल्या बाईसाठी खोलीत बसायला जागा करा. पलंग हलवायला पैसे पडत नाहीत.

बाजूने पाहणाऱ्याची आणखी एक अडचण असते. काही पडद्यांवर समोरून रंग झकास दिसतात, पण तिरपे पाहिले की फिके, धुरकट होतात. दुकानात गेल्यावर समोर उभे राहून माना डोलवू नका. चार पावले बाजूला सरका, आपला उंबरा जसा तिरपा येतो तसे उभे राहा, हवे तर खाली बसा. शक्यतो घरच्या बाईला दुकानात सोबत न्या आणि तिथून तिलाच पाहू द्या. चेहरे काळवंडले नाहीत तर तो टीव्ही तुमच्या घराचा.

आजीचे मात्र वेगळे. "आजीला दिसत नाही म्हणून मोठा टीव्ही घेतोय," असे पुष्कळ जण सांगतात. चार-पाच हातांवरून ३२ इंची पडद्यावरचा माणूस ओळखू येत नसेल तर दोष टीव्हीत नाही, डोळ्यांत आहे. बहुधा मोतीबिंदू असतो. सरकारी रुग्णालयात त्याची तपासणी आणि शस्त्रक्रिया मोफत होते. आधी ते करा. आजीला नुसता टीव्हीच नाही तर अंगणातली पायरीही दिसू लागेल. मुलांचेही तसेच. टीव्ही जवळून पाहिल्याने डोळे जातात ही जुनी भीती आहे, डॉक्टर तसे मानत नाहीत. पण एखादे पोर पुन्हा पुन्हा पडद्याला नाक लावत असेल, तर त्याला लांबचे कमी दिसत असण्याची शक्यता आहे. त्याला चष्मा लागतो का ते तपासून घ्या.

भिंत आणि उंची

मराठवाड्यातील एका गावी पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाने आई-वडिलांना ५५ इंची टीव्ही पाठवला. मुलाची माया मोठी होती, पण खोली दहा बाय दहाची होती. दोन खिडक्यांमध्ये तो मावेना, म्हणून बसवणाऱ्याने खिडक्यांच्याही वर, छताखाली टांगला. मी गेलो तेव्हा आई खाली बसून वर पाहत होती, जशी आपण एसटी स्टँडवरची पाटी पाहतो. "लई मोठं दिसतंय साहेब, पण मान दुखती," ती म्हणाली. वडील तर ओसरीवर जाऊन बसले होते. मी मुलाला दोष देत नाही. त्याला खोलीचे माप कोणी कळवलेच नव्हते. तुमचा मुलगा किंवा मुलगी शहरातून टीव्ही पाठवणार असेल, तर आधी किती हात अंतर आहे आणि भिंत किती रुंद आहे ते फोनवर सांगा. त्यांचेही कष्टाचेच पैसे आहेत.

टीव्हीचा मध्य पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या पातळीवर किंवा किंचित वर असावा. खाली मांडी घालून बसलेल्याचा डोळा जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असतो, पलंगावर बसलेल्याचा चार फुटांवर. आपल्या घरांत दोन्ही प्रकारची माणसे असतात, शिवाय रांगती मुले आणि मांजरेही. म्हणून टीव्हीची खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर ठेवली की सर्वांचे साधते. देवळीच्या वर, दाराच्या चौकटीच्या वर, छताला लागून टांगण्याची जी चाल पडली आहे ती जुन्या काळची आहे. १९७२ साली २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, त्यानंतर पुष्कळ वर्षे गावात ग्रामपंचायतीचा एखादाच संच असे. १९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागले की ज्याच्या घरी संच असेल त्याच्या अंगणापर्यंत माणसे बसत. मागच्यांना दिसावे म्हणून संच उंचावर ठेवणे तेव्हा बरोबरच होते. आता घरातली पाच माणसे पाहायची, त्यांच्यासाठी एवढी उंची कशाला?

भिंतीचा कसही पाहा. ३२ इंची संच चार-पाच किलोंचा, ४३ इंची सात-आठ किलोंचा, तर ५५ इंची बारा-पंधरा किलोंचा असतो. विटा-सिमेंटची भिंत हे वजन सहज पेलते. पण पांढऱ्या मातीच्या धाब्याच्या घरात, मातीत रचलेल्या दगडी भिंतीत किंवा पत्र्याच्या खोलीत खिळे धरत नाहीत. आज बसवलेला संच पावसाळ्यात भिंत ओलावली की खाली येतो. अशा घरी टेबलच बरे. टेबल पडद्याच्या पायांएवढे रुंद आहे का ते मोजा, कारण मोठ्या संचाचे पाय दोन टोकांना असतात आणि घरातल्या लहान टेबलावर ते मावत नाहीत. दार किंवा खिडकीच्या अगदी समोर टीव्ही ठेवू नका. दिवसा पडद्यात अंगण दिसेल आणि चित्र दिसणार नाही. चुलीच्या धुराच्या वाटेतही नको. आणि वळवाच्या पावसात आभाळ गडगडू लागले की प्लग आणि छत्रीची तार दोन्ही काढून ठेवा. नुसते बटण बंद केल्याने काही वाचत नाही.

पैशाचे काय?

आता खिशाकडे येऊ. बहुतेक वेळा ४३ इंची संच ३२ इंचीच्या साधारण दुप्पट पैशात पडतो. पूर्वी ३२ इंचांपर्यंत १८ टक्के आणि त्यापुढच्या संचांवर २८ टक्के जीएसटी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरही तो १८ टक्के झाला. त्यामुळे ३२ आणि ४३ मधली दरी थोडी कमी झाली हे खरे, आणि दुकानदारही आता "थोडेच घाला, मोठा न्या" असे जोर देऊन सांगतात. हे 'थोडेच' किती, ते पिकाच्या मापात मोजण्याची सवय लावा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. वरचे पंधरा हजार म्हणजे हमीभावाने जवळजवळ तीन क्विंटल सोयाबीन. बाजारात भाव त्याहून कमी मिळाला असेल तर आणखी जास्त पोती. वर सांगितल्याप्रमाणे उंबऱ्यातल्या माणसासाठी ४३ ची गरज निघत असेल, तर ती पोती कामी लागली असे मी म्हणेन. गरज ३२ ची निघत असेल, तर तेवढ्यात रब्बीच्या हरभऱ्याचे बियाणे आणि खत येते.

हप्त्यांबद्दल मी जरा कडक बोलतो, त्याचा राग मानू नका. दुकानात हप्ता महिन्याचा असतो. नोकरदाराचा पगार महिन्याचा, म्हणून त्याला तो जुळतो. आपले पीक येते वर्षातून एकदा-दोनदा. नोव्हेंबरात घेतलेल्या टीव्हीचे पहिले तीन-चार हप्ते सुखाने जातात. मे-जूनचा हप्ता नेमका बियाणे-खताच्या वेळी उभा राहतो, तो चुकला की दंड बसतो, आणि मग पेरणीसाठी हातउसने पैसे काढावे लागतात. दुधाचा पगार दर दहा-पंधरा दिवसांनी येत असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या कोरडवाहू पिकावर घर चालत असेल, तर रोखीने बसेल तेवढाच टीव्ही घ्यावा. मोठा टीव्ही मनात असेल तर एक हंगाम थांबावे. 'शून्य व्याज' अशी पाटी असली तरी रोखीने घेतला तर किती कमी कराल, हे आधी विचारा. त्या उत्तरात बरेचदा व्याज सापडते.

विजेचा खर्चही मापाबरोबर वाढतो, पण तो फार नाही. ५० वॅटचा संच रोज पाच तास चालला तर महिन्याला साडेसात युनिट, १०० वॅटचा चालला तर पंधरा युनिट. मागच्या बाजूच्या पट्टीवर किती वॅट ते लिहिलेले असते, आणि वीजबचतीचे तारे असलेली चिठ्ठीही पाहावी. भारनियमनात इन्व्हर्टरवर टीव्ही चालवायचा असेल तर मात्र हा फरक जाणवतो. १०० वॅटचा संच बॅटरी दुप्पट वेगाने संपवतो.

घरी करून पाहायची एक गोष्ट सांगतो. दुकानात जाण्याच्या आदल्या दिवशी भिंतीवर खडूने चौकोन आखा. ३२ साठी ७१ बाय ४०, ४३ साठी ९५ बाय साडेत्रेपन्न सेंटिमीटर. एकाच्या आत दुसरा आखला तरी चालेल. खालची कड तीन फुटांवर धरा. संध्याकाळी सगळे आपापल्या नेहमीच्या जागी बसा आणि त्या चौकोनात जुन्या दिनदर्शिकेचे पान लावून प्रत्येकाला विचारा, कोणता चौकोन बरा वाटतो, मान वर करावी लागते का, उंबऱ्यातून तो दाराच्या पाख्याआड जातो का. आमच्या एका गावी हे करताना असे लक्षात आले, की दार उघडे असले की निम्मा चौकोन दाराआड जातो. त्यांनी टीव्ही कोणत्या मापाचा घ्यायचा हे नंतर ठरवले, आधी भिंत बदलली.

तो खडूचा चौकोन पुसू नका. टीव्ही बसवायला दुकानाचा माणूस येतो तेव्हा तो घाईत असतो. त्याला आणखी चार घरी जायचे असते, आणि उंचावर भोके पाडणे त्याला सोयीचे वाटते. त्याच्या हाती यंत्र येण्याआधी आजीला आणि घरच्या बाईला त्यांच्या जागी बसवा, चौकोन दाखवा, चहा द्या, आणि मगच भोके पाडू द्या.